साय-फाय रोलप्लेमध्ये टेक्नॉलॉजीवरून भांडायचं कसं (आणि गेमही वाचवायचा)

शनिवारी रात्रीचे साडेदहा. सहा जण ऑनलाइन, एकेक पात्र घेऊन मिळून एक साय-फाय गोष्ट खेळतोय, नाशिकवाल्याचं नेट नेहमीसारखं अडखळतंय, जर्मनीतला आपला जेवण उरकून आलाय. आमचं ‘इंद्रायणी’ नावाचं मालवाहू जहाज लघुग्रहांच्या पट्ट्यातून मंगळाकडे निघालंय, मागे गस्तीचं जहाज लागलंय, पोटात चोरीचा माल. मस्त टेन्शन तयार झालेलं. आणि आमचा स्मगलर म्हणतो, "मी स्टेल्थ ऑन करतो." म्हणजे जहाज कोणाला दिसणारच नाही.

इंजिनिअर बाई लगेच, "अवकाशात स्टेल्थ नसते."

झालं. त्यानंतर अडीच तास काथ्याकूट, एकही गोळी सुटली नाही, गस्तीचं जहाज आहे तिथंच लटकलं, एक जण झोपला (माइक चालू ठेवून, घोरण्यासकट) आणि मी जीएम (गेम मास्टर, म्हणजे गेम चालवणारी) म्हणून डोकं धरून बसले. पुढचे दोन शनिवार कोणी धड आलंच नाही.

चार वर्षं गेम चालवताना असे बरेच शनिवार वाया घालवून झाल्यावर आमची एक पद्धत बसलीये, ती इथे सविस्तर लिहितेय. टेबलावर खेळा, ग्रुपवर टाइप करत खेळा, काही फरक पडत नाही. एकट्याने कथा लिहिताना प्रश्नच नसतो, तुमचं जहाज, तुमचे नियम, चुकलं तर खोडायचं. इथे सहा लेखक एकाच पानावर लिहितायत, आणि तुम्ही काढलेल्या यंत्रावर दुसऱ्याचं पुढचं वाक्य उभं राहणार असतं. म्हणून वाद होणारच, आणि खरं सांगायचं तर व्हायलाच पाहिजे, मला तर अर्धी मजा त्यातच येते. फक्त "हे शक्य आहे का" यावर वाद घातला की तो संपत नाही, "हे किती महागात पडेल" यावर घातला की संपतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एकाच गोष्टीसाठी आहेत.

पायरी १: गेम सुरू व्हायच्या आधी तीन डबे मांडा

पहिल्या सेशनच्या आधी तासभर बसा आणि तुमच्या जगातली झाडून सगळी टेक्नॉलॉजी तीन डब्यांत टाका. पहिल्यात आज असलेली. दुसऱ्यात भौतिकशास्त्राची ना नाही, पण आपल्याला अजून बनवता येत नाही अशी. तिसऱ्यात भौतिकशास्त्र सरळ नको म्हणतंय किंवा निदान कपाळाला आठ्या घालतंय अशी.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक डब्यात एक खड्डा आहे.

पहिल्या डब्यातला खड्डा म्हणजे "आहे" आणि "पुरेसं आहे" यातला फरक. मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढायचं यंत्र आहे का? आहे की. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स रोव्हरवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं, त्याने २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून खरोखर ऑक्सिजन काढला. एकूण किती? १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो. म्हणजे ‘मंगळावर ऑक्सिजन बनवतो’ हे पहिल्या डब्यातलं, पण ‘दहा हजार लोकांच्या वस्तीला पुरवतो’ म्हटलं की तुम्ही दुसऱ्या डब्यात उडी मारलीत, आणि मारा ना, फक्त मारली हे मान्य करा.

दुसऱ्या डब्यातला खड्डा बातम्यांचा. कोणीतरी फ्यूजनची (अणुकेंद्रं एकत्र जोडून ऊर्जा काढायची) बातमी आणून टाकतो की बघा, झालं आता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा इंधनावर टाकली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली, गोष्ट खरीच मोठी होती. पण ते लेझर पेटवायला तारेतून ३०० मेगाज्यूलच्या आसपास घेतले होते. तिथपासून जहाजाच्या बुडाला बसणारं इंजिन म्हणजे सुतावरून स्वर्ग. तरी फ्यूजन इंजिन दुसऱ्याच डब्यातलं, बिनधास्त वापरा. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ मध्ये डेडलस नावाचा अख्खा कागदी आराखडा केला होता, प्रकाशाच्या १२ टक्के वेगाने बर्नार्डच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या मानवरहित यानाचा. तुमच्या आधी लोकांनी आकडेमोड करून ठेवलीये, ती वापरायला लाजू नका.

तिसऱ्या डब्यात प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास वगैरे. इथे कोणीतरी हमखास अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव काढणार. अवकाश वाकवून प्रकाशाच्या पुढे जायचा १९९४ चा त्याचा पेपर खरा आहे, पण त्याला ऋण (शून्याहून कमी) ऊर्जा लागते, आणि ती पोत्याने कुठे मिळते हे कोणालाच माहीत नाही. आमचा नियम असा की अख्ख्या जगात तिसऱ्या डब्यातल्या जास्तीत जास्त दोन गोष्टी. दोन. तिसरी हवी असेल तर आधीची एक काढा. या एका नियमाने आमचे निम्मे वाद जन्मालाच आले नाहीत.

आणि त्या दोन गोष्टी निवडताना त्या काय करतात यापेक्षा काय करत नाहीत ते आधी ठरवा. १९७७ साली आलेल्या ट्रॅव्हलर नावाच्या टेबलटॉप गेममध्ये जहाजं ताऱ्याताऱ्यांत उडी मारतात, पण कितीही लांबची असो, प्रत्येक उडीला साधारण आठवडा लागतो आणि निरोप जहाजापेक्षा वेगाने जात नाही. एवढी एक अट. पण त्यामुळे राजधानीतून हुकूम यायला महिने लागतात आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यावा लागतो. आपल्याला हे वेगळं समजवायला नको, पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि मदतीला निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती कळली काही दिवसांनी, वाटेत, सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. मोत्यं, मोहरा आणि खुर्द्याचं ते पत्र. निरोप उशिरा पोचतो या एका गोष्टीवर किती नाटक उभं राहतं बघा.

पायरी २: यंत्राचं कार्ड लिहा, सहा ओळींच्या वर नाही

कोणालाही नवीन टेक्नॉलॉजी आणायची असेल तर आधी कार्ड. काय करतं, काय करत नाही, काय खातं, काय बाहेर टाकतं, कोणाकडे असतं, बिघडतं कसं. बस्स. कसं चालतं हा प्रश्न मुद्दाम नाहीये, कारण तिथेच लोक तीन पानं लिहितात आणि ती कोणी वाचत नाही.

आमच्या डॉक्टरने पहिल्यांदा आणलेलं कार्ड असं होतं: "डॉक्टरपेटी. कोणतीही जखम नॅनोबॉटने बरी करते." इतकंच. म्हणजे यापुढे कोणाला गोळी लागली तरी काळजी नाही, म्हणजे गोळीला अर्थ नाही, म्हणजे मारामारीला अर्थ नाही. मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा आलं ते असं:

डॉक्टरपेटी. मांस, हाड, कातडी जोडते. मेंदू आणि डोळ्याला हात लावत नाही. एका पेशंटला नऊ तास, तेवढा वेळ जहाजातली चौथाई वीज आणि रक्ताचं एक काडतूस (जहाजावर सहा). बाहेर टाकते उष्णता आणि दोन बादल्या वास मारणारं पाणी. मोठ्या जहाजांवर आणि श्रीमंतांच्या घरी असते. काडतूस जुनं निघालं तर जोडलेलं हाड वाकडं येतं.

आता बघा, ‘दोन बादल्या वास मारणारं पाणी’ हे कोणी मागितलं नव्हतं, पण त्यावरून पुढे एक अख्खं सेशन झालं. आणि वाकड्या हाडाचा हात आमच्या पायलटला अजून आहे.

पायरी ३: पाच मिनिटं कागद-पेन

कार्ड आलं की जो आक्षेप घेणार त्याने नाही, ज्याने कार्ड आणलं त्यानेच पाच मिनिटं हिशोब करायचा. डिग्री लागत नाही, दहावीचं गणित आणि मोबाइलमधला कॅलक्युलेटर पुरतो. दशांश चिन्हापर्यंत बरोबर यायची गरज नाही, शून्य किती आहेत एवढं कळलं तरी पुष्कळ.

हा एक हिशोब सविस्तर दाखवते, कारण आमचा अख्खा गेम त्यावर बदलला. पायलट म्हणाला, इंद्रायणी पूर्ण वेळ एक जीने (पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या प्रवेगाने) पळेल, म्हणजे आत पृथ्वीसारखं वजन राहील आणि मंगळ दोन दिवसांत. दोन दिवस हे बरोबर आहे का? मंगळ पृथ्वीच्या जवळ असताना ७.८ कोटी कि.मी. धरा, अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, मग जहाज उलटं फिरवून तेवढाच कमी करायचा. साधारण ५० तास येतात. बरोबर! पायलट खूश.

मग इंजिनिअर बाईंनी पुढची ओळ लिहिली. वाढवलेला आणि कमी केलेला वेग मिळून सेकंदाला १७५० कि.मी. रॉकेटचं गणित रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीने १९०३ मध्येच मांडून ठेवलंय, आणि त्याचा आपल्या कामाचा भाग इतकाच: इंजिनातून झोत ज्या वेगाने बाहेर पडतो तेवढाच वेगबदल हवा असेल तर निघताना जहाज रिकाम्याच्या २.७ पट जड, दुप्पट हवा असेल तर ७.४ पट, तिप्पट हवा असेल तर २० पट. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या चांगल्या इंजिनाचा झोत सेकंदाला साडेचार कि.मी.च्या आत. १७५० भागिले साडेचार, आणि तेवढ्या वेळा २.७ ला २.७ ने गुणत बसा. कॅलक्युलेटर एरर देतो. विश्वातलं सगळं इंधन पुरणार नाही.

बरं, मग फ्यूजन घेऊ, झोतही १७५० च्या वेगाने मारू. जहाज १०० टनाचं धरलं तर नुसत्या झोताची ताकद ८६० गिगावॅटच्या घरात. कोयनेचा प्रकल्प १९६० मेगावॅटचा, म्हणजे सुमारे ४४० कोयना एका मालवाहू जहाजाच्या बुडाला. आणि त्यातली एक टक्का उष्णता जरी जहाजात शिरली तरी ती बाहेर फेकायला १००० केल्व्हिनला तापलेले, दोन्ही बाजूंनी तळपणारे ७६,००० चौरस मीटरचे पंख (रेडिएटर) पाहिजेत. चार-पाच क्रिकेट मैदानं.

इथे सहसा ग्रुप दोन तट पडून भांडतो, एक म्हणतो सायन्सला मारा गोळी, दुसरा म्हणतो मग परीकथा खेळा. आम्ही काय केलं, तर आकडा हलवून पाहिला. एक जीऐवजी एक शतांश जी घेतला. जोर शंभर पट कमी, पण वेळ फक्त दहा पट वाढतो, म्हणजे ५० तासांचे २१ दिवस. वेगबदल दहा पट कमी लागतो, म्हणून झोतही दहा पट सावकाश मारता येतो, आणि झोताची पॉवर हजारपट उतरते, ८६० गिगावॅटची ०.८६, म्हणजे अर्ध्या कोयनेच्याही आत. आणि पंख? ७६ चौरस मीटर. पुण्यातला टू बीएचके फ्लॅट!

आणि २१ दिवस एका डब्यात कोंडलेले सहा जण म्हणजे कथेला काय मिळालं हे सांगायला नको. भांडणं झाली, एक वाढदिवस झाला, एक चोरी झाली. दोन दिवसांत यातलं काही झालं नसतं.

बाकी काही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पृथ्वी ते मंगळ प्रकाशाला ३ ते २२ मिनिटं, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर यायला ६ ते ४४. लाइव्ह व्हिडिओ कॉल विसरा. फिरत्या चाकातलं गुरुत्व हवं असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांत पूर्ण एक जी यायला चाकाची त्रिज्या २२४ मीटर लागते, चार फेऱ्यांत ५६ मीटर. आमच्या एकाला १० मीटर त्रिज्येचं चाक हवं होतं, त्यात मिनिटाला साडेनऊ फेऱ्या होतात आणि उभं राहिलं की डोक्याकडचं गुरुत्व पायापेक्षा सतरा टक्के कमी, म्हणजे उलट्यांची सोय आधी करा. आयन इंजिनाचा झोत सेकंदाला ३० कि.मी.च्या आसपास, फार काटकसरी, पण जोर बघा: नासाच्या डॉन यानाच्या इंजिनाचा जास्तीत जास्त जोर ९० मिलीन्यूटन, तळहातावर ए-फोरचे दोन कागद ठेवल्यासारखा. त्यावर ते लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या व्हेस्टा आणि सेरेस दोन्हींपर्यंत पोचलं, पण वर्षं लागली. पाठलागाच्या सीनला हे इंजिन नको.

एक सूचना, हल्ली लोक चॅटबॉटला विचारून भलंमोठं उत्तर जसंच्या तसं चिकटवतात. आमच्याकडे त्यावर बंदी नाही, पण त्यातला आकडा तुम्हाला स्वतःला कागदावर काढून दाखवता आला तरच तो धरायचा. एकदा असाच एक आकडा हजार पटीने चुकीचा निघाला होता आणि आम्ही तीन सेशन त्यावर खेळलो होतो.

पायरी ४: आक्षेप घ्यायची रीत

आता मूळ भांडण. परत त्या स्टेल्थच्या रात्रीकडे जाऊ, कारण तिथे आम्ही सगळं चुकीचं केलं.

इंजिनिअर बाईंचं म्हणणं बरोबर होतं. जहाज उबदार, मागची पार्श्वभूमी निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन केल्व्हिन, अंधाऱ्या खोलीत निखारा ठेवल्यासारखं ते दिसणार. उष्णता कुठे लपवणार? यावर स्मगलरने "मिलिटरीकडे असतंच काहीतरी" असं म्हटलं. मग जर्मनीतल्याने सूर्यमालेबाहेर पडलेल्या व्हॉयेजर यानाचा दाखला आणला, म्हणे वीसेक वॅटचा ट्रान्समीटर आपण २४०० कोटी कि.मी.च्या पलीकडून ऐकतो, तर जहाज का नाही दिसणार. ऐकायला जबरदस्त, पण तुलना चुकीची, कारण व्हॉयेजर कुठे आहे ते आपल्याला नेमकं माहीत आहे आणि त्याचा अँटेना आपल्याकडेच रोखलेला आहे. तो लपत नाहीये, हाका मारतोय. या दाखल्याचा कीस पाडण्यात पाऊण तास गेला.

आता आमच्याकडे तीन गोष्टी ठरल्यात.

पहिली, "असं होऊच शकत नाही" हे वाक्य बंद. त्याऐवजी "मग अमुक कुठे जातं?" असं विचारायचं. उष्णता कुठे जाते, इंधन कुठून येतं, वेळ किती लागतो. नुसत्या नकाराने समोरचा हट्टाला पेटतो, प्रश्न विचारला की उत्तर शोधायला लागतो. ज्याने प्रश्न विचारला त्यानेच निदान एक पर्यायही सुचवायचा, नाहीतर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं.

दुसरी, आक्षेप कशावर आहे ते आधी बोलायचं. विज्ञानावर आहे, की आपणच आधी ठरवलेल्या नियमाशी जुळत नाही म्हणून आहे, की "याने माझ्या कॅरेक्टरला काही कामच उरत नाही" म्हणून आहे? हा तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त असतो आणि तो कोणीच उघड बोलत नाही, सगळे विज्ञानाच्या आडून बोलतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, म्हणा सरळ. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी मी स्मगलरला फोन केला तेव्हा कळलं की मागच्या दोन सेशनमध्ये त्याला काही करायलाच मिळालं नव्हतं, सगळं कॅप्टन आणि इंजिनिअर मिळून सोडवत होते. त्याला स्टेल्थ नको होती, त्याला पाच मिनिटं हवी होती ज्यात जहाज त्याच्यामुळे वाचेल. आणि इंजिनिअर बाईंना? त्यांना भीती की एकदा स्टेल्थ आली की त्यांचे सगळे सेन्सर फुकट. दोघांचं दुखणं एकच होतं आणि अडीच तास आम्ही इन्फ्रारेडवर (उष्णतेच्या किरणांवर) बोललो.

तिसरी, पंधरा मिनिटांचा टायमर. वाजला की थांबायचं, पटलं नसलं तरी. पटलं नाही तर यंत्र ‘तात्पुरतं’ म्हणून तीन सेशन चालवून बघायचं आणि मग ठरवायचं. शेवटचा शब्द जीएमचा, पण जीएमनेही त्यावर "कारण मी सांगते म्हणून" असं म्हणायचं नाही (मी म्हटलंय, दोनदा, माफी मागून झालीये).

स्टेल्थचं शेवटी काय झालं? फोननंतर आम्ही तिघं बसलो आणि "उष्णता कुठे जाते" यावरच थांबलो. इंजिनिअर बाई म्हणाल्या, लपवता येत नाही पण साठवता येते. इंजिन बंद, बाहेरचे पंख मिटलेले, आतली सगळी उष्णता बर्फात मुरवायची. माणसं, पंखे, कॉम्प्युटर मिळून १०० किलोवॅट धरा. एक किलो बर्फ शून्यावरून वितळून उकळीला यायला सुमारे ७५० किलोज्यूल खातो, म्हणजे तासाला ४८० किलो बर्फ. २० टन बर्फ भरला तर चाळीसेक तास. त्यानंतर पंख उघडायचे नाहीतर आत उकडून मरायचं. आणि इंजिन पेटवलं की दिसलातच, तिथे चर्चा नाही.

कार्डावर नाव पडलं ‘बर्फलपवा’. स्मगलरला त्याची स्टेल्थ मिळाली, इंजिनिअर बाईंना घड्याळ मिळालं.

आमच्यात एक जण खराखुरा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, अशा माणसाचं काय करायचं हाही प्रश्न येतो. जाणकार माणूस सोनं असतो, पण त्याला न्यायाधीश करू नका, सल्लागार करा. आमच्याकडे त्याने फक्त "याला किती पडेल" एवढं सांगायचं, "चालेल की नाही" हे बाकीचे ठरवतात.

पायरी ५: चहावाल्याला विचारा

यंत्र मंजूर झालं की लगेच वापरू नका. आधी विचारा, हे जगात आलंय तर स्टेशनवरच्या चहावाल्याचं काय झालं असेल? थट्टा नाही, हीच खरी चाचणी आहे, कारण लोक यंत्र फक्त स्वतःच्या कॅरेक्टरच्या हातात बघतात.

आमच्या स्वयंपाक्याने अन्न छापणारा प्रिंटर आणला, कचऱ्यातून काहीही बनवणारा. ठीक. पण त्याच्या आदल्याच सेशनला सेरेसवर कांद्यावरून दंगल झाली होती! प्रिंटर असताना कांद्याला भाव कसा? मग ठरलं की प्रिंटर पीठ, तेल, प्रथिनं बनवतो, चव बनवत नाही, आणि चवीचं सगळं जमिनीवरून येतं म्हणून सोन्याच्या भावाने. कांदा आमच्या जगात आता चलनासारखा आहे.

वेगाच्या यंत्राला तर ही चाचणी घ्यायलाच पाहिजे. प्रकाशाच्या दहा टक्के वेग स्वस्तात मिळत असेल तर त्या वेगाने जाणारा एक किलोचा दगड म्हणजे सुमारे १०७ किलोटन टीएनटी, हिरोशिमाच्या सात पट. असं इंजिन कोणीही टपरीवरून विकत घेऊ शकत असेल तर तुमच्या जगात शहरं उभीच का आहेत? उत्तर द्या: लायसन्स, पहारा, इंजिन फक्त तीनच कंपन्यांकडे, काहीतरी. ते उत्तर म्हणजेच तुमच्या जगाचं राजकारण, फुकटात मिळालेलं.

पायरी ६: सेशन चालू असताना

चालू सीनमध्ये वाद निघाला तर तो सीनमध्ये मिटवायचा नाही. आमचा शब्द ‘पार्किंग’. कोणीही पार्किंग म्हटलं की जीएम एका वाक्यात आजपुरता निर्णय देतो, सगळे तो मानतात, आणि वाद वहीत मागच्या पानावर जातो.

किंवा, हे मला जास्त आवडतं, वाद कॅरेक्टरच्या तोंडात घाला. तुम्हाला वाटतं रेडिएटर टिकणार नाही? मग इंजिनिअर म्हणून ओरडा, "कॅप्टन, अजून दहा मिनिटं असंच चाललं तर पंख वितळतील!" जीएमने ते उचलायचं, टिकतील की नाही फासे ठरवतील. जो मुद्दा बाहेर रटाळ वाटत होता तोच आत आला की अंगावर काटा येतो.

पायरी ७: वही

सगळे निर्णय एका ठिकाणी, तारखेसकट. कार्ड, आकडा, कोणाचा आक्षेप होता, काय ठरलं. एक शेअर्ड डॉक्युमेंट पुरे, फक्त ते एकाच माणसाने नीटनेटकं ठेवायचं, सगळ्यांनी हात घातला की आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बदल करायचा असेल तर पुढून करा, मागून नको. ‘बर्फलपवा आधीपासूनच शंभर तास चालत होता’ असं म्हणायचं नाही, कारण मग चाळीस तासांसाठी जे मेले ते कशाला मेले. ‘सेरेसच्या गोदीत मोठी टाकी बसवून घेतली, आता साठ तास चालतो, त्या बदल्यात माल बारा टन कमी’ असं चालतं. मताला तेच लोक बसतात ज्यांच्या कॅरेक्टरचं काम त्या यंत्राने वाढतं किंवा कमी होतं, बाकीचे ऐकतात.

आणि वही वाचत जा, विशेषतः दुसऱ्याची कार्डं. आमचा पहिला खरा बर्फलपवा गस्तीच्या जहाजासमोरच झाला, स्मगलर घड्याळ लावून बसला होता, अठ्ठाविसाव्या तासापर्यंत सगळं शांत. मग डॉक्टरने पायलटच्या हातासाठी डॉक्टरपेटी लावली. कार्डावर लिहिलेलं होतंच, नऊ तास, चौथाई वीज, बाहेर उष्णता. कोणी मोजलं नव्हतं. इंजिनिअर बाईंनी टाकीचं तापमान वाचून दाखवलं, मग परत वाचून दाखवलं, आणि ग्रुपवर पूर्ण मिनिटभर कोणीच काही टाइप केलं नाही.

मग स्वयंपाक्याने विचारलं, "आता कोमट पाण्यात चहा टाकू का?"